नदीच्या वाट्याचे 30 क्युसेक

पावसाळा लागला की वर्तमानपत्रात रोज एक चौकट येते: धरणात किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक. दिवाळीच्या सुमारास ती बंद होते. पुढचे आठ महिने नदीतून किती पाणी वाहते हे कोणी छापत नाही, कारण कोणी विचारतही नाही. आपल्या हिशेबात साठ्याला किंमत आहे, वाहण्याला नाही. कुकडीचेच बघा. नाणेघाटाच्या परिसरात उगम पावलेली ही नदी माणिकडोह आणि येडगाव या धरणांतून सुटून निघोजला येते. तिथले रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी काळा कातळ रांजणासारखा कोरून काढला. साचलेल्या पाण्याला हे कधीच जमले नसते. उन्हाळ्यात धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले नाही की त्याच खळग्यांच्या तळाशी हिरवट पाणी उरते. मासे, गुरांचे पाणी, धुणे आणि काठच्या विहिरींचे पाझर, सगळे त्या तळाला लागलेले.

नदीत सोडलेले पाणी वाया जाते, असे म्हणणारे बरेच आहेत. कालव्याच्या शेपटाला, करमाळ्याकडे, पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने हे म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. पण आकडे मांडून पाहावेत. समजा, या आठ महिन्यांत नदीसाठी 30 क्युसेक राखले. 30 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 850 लिटर. एवढा प्रवाह 240 दिवस अखंड ठेवला तर पाणी लागते 0.62 टीएमसी. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचा साठा सुमारे 30 टीएमसी, म्हणजे हा वाटा जेमतेम दोन टक्के. त्यातलेही बरेचसे मुरून काठच्या विहिरींतच उतरेल, त्याला वाया गेले कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: वाटेतल्या मोटारी आणि ढापे टाकलेले कोल्हापुरी बंधारे हे पाणी निघोजपर्यंत येऊच देणार नाहीत. म्हणूनच धरणाच्या दारात किती सोडले यापेक्षा निघोजला किती पोहोचले, ते मोजायला हवे. नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा, हे 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीतच लिहिलेले आहे. नवे धोरण आणायची गरज नाही. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समिती ठरवते. तिने रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांच्या खाली नदीसाठी एक ओळ वाढवावी, आणि निघोजच्या रांजणखळग्यांजवळ एक मोजपट्टी लावावी.