आधी सीट उघडा, मग बटण दाबा

जेट स्कीत पेट्रोल ओतल्यावर सीट न उघडताच पोराला स्टार्टचं बटण दाबायला लावणारा मालक माझ्या लेखी गुन्हेगार आहे. तारकर्लीपासून कळंगुटपर्यंत ऐन सीझनमध्ये हे उघड चालतं. राईडवरून आलेली गाडी वाळूला लागते, इंजिन तापलेलं असतानाच प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल ओतलं जातं, झाकण फिरवलं की पुढचं गिऱ्हाईक बसतं आणि गाडी सुटते. कधी कधी तर गिऱ्हाईक भरतानाच वर बसलेलं असतं, मांडीवर लेकरू घेऊन.

या यंत्रात टाकी, इंजिन, बॅटरी, स्टार्टर सगळं एकाच बंद पोटात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण सुमारे 1.4 ते 7.6 टक्के असलं की एक ठिणगी पुरते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मे महिन्यातल्या कोकणच्या दुपारी त्या पोटात काय होत असेल याचा विचार करा. मोठ्या पेट्रोल बोटींत इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा असतो आणि इंजिन सुरू करण्याआधी तो चार मिनिटं चालवतात. बहुतेक जेट स्कींना तो नसतो. गाडी धावताना इंजिन हवा ओढतं, पण उभ्या गाडीत आतली हवा कोंडलेलीच राहते. सीट उघडणं हाच इथे पंखा. पेट्रोल भरल्यावर सीट काढा, आत वास घ्या, सांडलेलं पुसा, काही मिनिटं उघडं राहू द्या. वास जात नसेल तर बटणाला हात लावू नका, गळती शोधा. हे सगळं मॅन्युअलात असतं. घरात गॅसचा वास येत असताना कुणी काडी ओढत नाही, मग इथेच का ओढतात?

हटकलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘पेट्रोलाचो वास येतलोच मा!’ हे उत्तरच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. दिवसभर पेट्रोल हाताळणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं आणि गळती सुरू झाली तरी त्याला फरक जाणवत नाही. म्हणून वास घ्यायला दुसरा माणूस हवा, कॅनला हात न लावलेला.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जेट स्कींच्या मॅन्युअलांत साधारण 10 टक्क्यांचीच मर्यादा दिसते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करतं, त्या कडक होतात, चिरतात. सेकंडहॅण्ड आणलेल्या, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राबलेल्या गाड्यांच्या नळ्या दर सीझनला बदलायला हव्यात. किती मालक बदलतात?

पोरांवर मी राग काढणार नाही. त्यांना फेऱ्यांची घाई मालकाने लावलेली असते. आणि प्लास्टिकचे कॅन? 1934 च्या पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना थोडं पेट्रोल बाळगण्याची मुभा दिली, ती काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यांसाठी. किनाऱ्यावर उन्हात ठेवलेला, तोंडाला चिंधी कोंबलेला कॅन त्यात कुठेच बसत नाही. तपासणीला येणारे लाइफ जॅकेट मोजतात आणि जातात. मोजायलाच हवीत, पण सीट उचलून नळ्यांच्या क्लिपाही बघा. पेट्रोल भरण्याची जागा गिऱ्हाइकांपासून दूर आखा. भरल्यावर सीट उघडी ठेवण्याची अट परवान्यातच लिहा आणि ती मोडणाऱ्याची गाडी त्या सीझनपुरती पाण्याबाहेर काढा.

आणि पैसे मोजून मागे बसणाऱ्यांनो, कॅन दिसला की खाली उतरा, मुलांना लांब न्या. सीट उघडायला सांगा, स्वतः वाकून वास घ्या. मालक नाही म्हणाला तर पैसे परत मागा.