गच्चीवरचे गणिताचे सर

गच्चीवर पालापाचोळ्यात वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना श्री. अ. दाभोलकर हे नाव माहीत असतं. धाकटे भाऊ नरेंद्र दाभोलकर सर्वांना ठाऊक. हे थोरले मात्र विस्मरणात गेले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे दाभोलकर सर रोपापुढेही गणितच मांडत. पानाचं क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती पडतं, त्यातून अन्न किती तयार होतं? खत किती घालायचं, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा. उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडीशी माती एवढ्या भांडवलावर शहरातही भाजी पिकते, हे त्यांनी लोकांना पटवलं. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त द्राक्षबागायतदार आपापले अनुभव एकमेकांना कळवत, तिथे गुरुपद कुणाकडेच नव्हतं. (आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला हे सोपं नसतं.) ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आम्हाला आजही अवघड वाटतं, हातात पेन्सिल घेऊनच वाचावं लागतं. या अंकात गच्चीबाग करणाऱ्या वाचकांचे अनुभव दिले आहेत. त्यांत फसलेले वाफेही आहेत, आणि खरं सांगायचं तर तीच पानं जास्त वाचनीय झाली आहेत.