टँकरला फोन केला म्हणजे प्रश्न सुटला?

मार्च उजाडला की पुण्यातल्या अनेक सोसायट्यांचा कार्यक्रम ठरलेला. आधी बोअर आणखी खोल, मग टँकर, मग मेंटेनन्सवरून भांडणं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा आपण काय केलं? वीस लिटरचे जार मागवले. प्रश्न संपला! म्हणजे, आपला.

ऑफिसात कोणी असा पॅच मारला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढतो. घरी मात्र टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हेही विचारत नाही. अहो, आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. त्यात पाणी सापडतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये; खाली काही अथांग तळं नाही. आपण खोल गेलो की शेजाऱ्याची बोअर आटू शकते, मग तो आपल्याहून खोल जातो. घरातला आरओ तर एक लिटर देताना सहज दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. टंचाईवरचा उपाय म्हणे!

आता हिवरे बाजार बघा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं गाव, पाऊस जेमतेम. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे चर खणले, बंधारे झाले. पण बंधारे इतरही शेकडो गावांत झालेत. फरक पडला तो नियमांमुळे. शेतीसाठी बोअर बंद. ऊस नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसं आणि जनावरं, उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी, तर पेरा कमी.

"ते गावात जमतं हो, शहरात नाही!" का नाही? पाचशे फ्लॅटची सोसायटी माणसांच्या हिशेबात हिवरे बाजारपेक्षा लहान नाही. प्रत्येक फ्लॅटला मीटर लावा. बोअरची पातळी दर महिन्याला लिफ्टशेजारच्या बोर्डवर लिहा. टँकरचं पाणी तपासल्याशिवाय टाकीत घेऊ नका. आणि महापालिकेकडे जाताना मागच्या वस्तीलाही सोबत घ्या, कारण जार मागवणं तिला परवडत नाही आणि पाइपलाइन तीच आहे.

मोजायचं नाही, वाटून घ्यायचं नाही, फक्त विकत घ्यायचं, याला नियोजन म्हणत नाहीत. ही निव्वळ पळवाट आहे, आणि तीही दरवर्षी महाग होत जाणारी.