गाडी अडवली, पण गुन्हा कोणता? लेखी मागा!

आपल्या वस्तीतला तरुण पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. मात्र डिलिव्हरीचे काम करताना, रिक्षा चालवताना किंवा दुचाकीवरून क्लासला जाताना तो कधी ना कधी चौकात अडवला जातोच. हेल्मेट नव्हते, ट्रिपल सीट होते, सिग्नल तोडला, तर दंड भरायलाच हवा. रस्त्यावरचे अपघात जात पाहून होत नाहीत. या लेखाचा विषय वेगळा आहे. नियम पाळणाऱ्याला बाजूला घेतले जाते आणि "तू सिग्नल पिवळा असताना घुसलास", "गाडी वेडीवाकडी चालवत होतास" असे सांगितले जाते. पुरावा म्हणाल तर समोरच्याचा शब्द. अशा वेळी आपण काय करतो, यावर बरेच काही ठरते.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. हेल्मेटचे कलम 194-ड स्पष्ट आहे. हेल्मेट डोक्यावर असते किंवा नसते. धोकादायक वाहन चालवण्याचे कलम 184 मात्र लवचिक आहे. सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या खूप खाली गाडी चालवणे हाही त्यात गुन्हा ठरतो. ती पातळी त्या क्षणी रस्त्यावर उभा असलेला पोलीसच ठरवतो. कायदेशीर आदेश न पाळल्याचे कलम 179 आहे, त्यात 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. 2019 च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा मोठ्या झाल्या आणि महाराष्ट्रात तडजोडीचे वाढीव दर डिसेंबर 2021 पासून लागू झाले. दंड जितका मोठा, तितका "पावती फाडू का, की काय ते बघतोस?" या प्रश्नाला जोर. रोजंदारीवर जगणाऱ्या तरुणासाठी पावती म्हणजे दोन-तीन दिवसांची कमाई असते.

इथे आपले तरुण दोन चुका करतात.

पहिली चूक तोडपाणी. दोनशे रुपये हातावर ठेवले की सुटलो, असे वाटते. पण त्या दोनशे रुपयांबरोबर घटनेचा पुरावाही नाहीसा होतो. कोणाला, कुठे, कशासाठी अडवले याची नोंद राहत नाही आणि उद्या त्याच चौकात तुमचाच भाऊ अडवला जातो. शिवाय 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली, तरच कायदा देणाऱ्याला संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे.

दुसरी चूक हुज्जत. राग रास्त असतो, पण आवाज चढला, हात झटकला गेला, की विषय बदलतो. पाचशे रुपयांच्या चलनाच्या जागी सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा येतो. पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 353 आता भारतीय न्याय संहितेत कलम 132 झाले आहे आणि ते अजामीनपात्र आहे. पोलीस भरती किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या तरुणाला चारित्र्य पडताळणीत हा एक गुन्हा किती महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको. आणि कोठडीत काय होऊ शकते, हे परभणीने दाखवले आहे. कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला आणि या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

मग उरते काय? शांतपणे एक वाक्य म्हणणे: "साहेब, कलम लिहून चलन करा."

लेखी चलनात वेळ, ठिकाण आणि कलम येते. त्यावर बोट ठेवता येते. तोंडी आरोपावर ठेवता येत नाही. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेल्या कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली नियम 167-अ आला. त्यानुसार चलनाबरोबर गुन्ह्याचा स्पष्ट फोटो हवा आणि नोटीस 15 दिवसांत पाठवायला हवी. वाहतूक पोलिसांनी खाजगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, असा आदेश राज्यात 2025 साली काढावा लागला. म्हणजे तक्रारींत तथ्य होते, हे यंत्रणेनेच मान्य केले. चलन चुकीचे वाटले तर पैसे भरण्याआधी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरून पैसे भरू नका. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तडजोड मान्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर बाजू मांडण्याचा हक्क शाबूत राहतो.

आणखी काही गोष्टी प्रत्येकाला पाठ हव्यात. गणवेशातील पोलिसाने मागितला तर परवाना दाखवणे कलम 130 नुसार बंधनकारक आहे. टाळाटाळ करू नका. पण डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रे नियम 139 प्रमाणे चालतात. गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार देणारे कलम या कायद्यात नाही. परवाना जप्त केला तर त्याची पोच द्यावी लागते. रस्त्यावर चाललेल्या कारवाईचे चित्रीकरण करण्यावर सरसकट बंदी नाही. पोलीस ठाणे हेसुद्धा शासकीय गुपिते कायद्याखालील प्रतिबंधित जागा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये म्हटले आहे. आणि जातीवरून चारचौघांत अपमान झाला, तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 3(1)(r) आहे. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्यांना 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे हा कायदा त्यांनाही लागू होतो.

स्टिकरचा प्रश्नही इथेच येतो. सप्टेंबर 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्तर प्रदेश सरकारने वाहनांवरील जातीच्या नावांविरुद्ध आदेश काढला. तेव्हापासून "जय भीम"च्या स्टिकरचे काय, असे आपले तरुण विचारतात. नंबर प्लेटवर क्रमांकाशिवाय काहीही नको, हा नियम सर्वांना सारखा आहे. तिथे "जय भीम"ही लिहू नका. पण "जय भीम" हे अभिवादन आहे, जातीचे नाव नव्हे. गाडीच्या मागे ते लिहिले म्हणून अडवले असेल, तर तेच कारण आणि त्याचे कलम चलनात लिहायला सांगा. खरे कारण कागदावर आणायची वेळ आली की अनेकदा गाडी सोडली जाते.

"हे सगळे जात पाहूनच होते कशावरून?" असे कोणी विचारेल. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात सापडते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या व्रेन खटल्यात निकाल दिला की वाहतुकीचा छोटासा नियमभंग दिसला तर पोलिसाचा खरा हेतू काहीही असो, अडवणे वैधच ठरते. 2015 साली टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय तरुणीला लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवले गेले. वाद झाला, अटक झाली आणि तिसऱ्या दिवशी ती तुरुंगात मृतावस्थेत आढळली. पण तिथे वाहने अडवल्याच्या नोंदी ठेवल्या जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे 10 कोटी नोंदी तपासल्या. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा वर्ण दिसेनासा झाल्यावर, अडवलेल्यांमधले कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी होते, असे त्यात आढळले. नोंदी होत्या म्हणून भेदभाव सिद्ध करता आला.

आपल्याकडे अडवलेला माणूस कोणत्या वस्तीतला, कोणत्या समाजाचा, याची नोंदच होत नाही. त्यामुळे आपला अनुभव "तुमचा गैरसमज" म्हणून झटकला जातो. ही नोंद आपणच सुरू करायला हवी. 1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर्स पोलिसांच्या गाडीमागे जात, अंतर राखून उभे राहत आणि अडवलेल्याला त्याचे हक्क सांगत. त्यांच्या हातात बंदुका होत्या, तशी कायद्याची पुस्तकेही होती. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने त्यांचेच नाव घेतले. बाबासाहेबांनी दाखवलेला मार्ग संविधानाचा आहे, म्हणून आपण त्यांच्याकडून फक्त पुस्तक घ्यायचे.

काम अवघड नाही. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा तासाभराची कायदा कार्यशाळा घ्या. वस्तीतल्या एखाद्या वकिलाला बोलवा. एक वही ठेवा. त्यात कोणाला कधी, कोणत्या चौकात अडवले, कोणते कलम सांगितले, चलन दिले की नाही, हे लिहा. सहा महिन्यांत एकाच चौकाचे नाव वारंवार दिसले, तर माहिती अधिकारात त्या चौकातील चलनांचा तपशील मागवा आणि वही घेऊन शिष्टमंडळ पोलीस उपायुक्तांना किंवा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना भेटू द्या. वाहतूक शाखेतही आपले भाऊ-बहिणी नोकरी करतात, त्यांनाही या कार्यशाळेत बोलवा.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर पहिली नोंद करा.

जय भीम!