वीस रुपयांचा प्रश्न

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, रोज पाच-सहा ट्रेड करायचे तर सगळ्यात स्वस्त ब्रोकर कुठला रे?" बघून सांगतो म्हटलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मार्चनंतर नोकरी सोडायचा विचार आहे." (ताईला त्याने काल सांगून टाकलंय, म्हणून इथे लिहितोय. घरात काय झालं ते विचारू नका.)

बघितलं. झेरोधा २०१० साली सुरू झाली तेव्हा सपाट वीस रुपये हे नवलच होतं. आमच्या बाबांचा ब्रोकर डिलिव्हरीवर अर्धा टक्का घ्यायचा, वर चहा पाजायचा आणि टिप द्यायचा. तिन्ही महाग पडायचं :) आता झेरोधा, अपस्टॉक्स, ग्रो, एंजेल वन, कोणाचंही पान उघडा. लाखाचा शेअर सकाळी घेऊन दुपारी विकला तर प्रत्येक ऑर्डरला वीसच. डिलिव्हरीत फरक आहे, पण ते त्याच्या कामाचं नाही.

मग पूर्ण बिल मांडलं. एक लाखाची खरेदी, एक लाखाची विक्री. दलाली ४०. विक्रीवर एसटीटी २५. एक्स्चेंजचे सहा, मुद्रांकाचे तीन, जीएसटीचे आठ. झाले साधारण ८२ रुपये. दलाली शून्य केली तरी ३५ जातातच, ते कुठेही गेलं तरी चुकत नाहीत. पाचशेचा शेअर ४१ पैसे वर गेला की तुम्ही फक्त बरोबरीत. असे रोज सहा, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे जवळपास दहा हजार. नफा होवो न होवो.

सेबीने २०२४ च्या जुलैत इंट्राडेवाल्यांचा अभ्यास छापला. २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात होते. वर्षाला पाचशेच्या वर ट्रेड करणाऱ्यांत दहातले आठ. भाच्याच्या हिशोबाने त्याचे चौदाशेच्या आसपास होतील! फ्युचर्स-ऑप्शन्सचं तर बोलायलाच नको. तिथे तीन वर्षांत शंभरातले ९३ बुडाले, असा त्याच वर्षीचा सेबीचाच अहवाल आहे.

आणि मी कोण शहाणा? २०१९ मध्ये मीही हेच केलं. ब्रोकर बदलून पाच रुपये वाचवले आणि त्या आनंदात ट्रेड दुप्पट केले. वर्षाअखेर वहीत बेरीज केली. भावातल्या फरकातून कमावले एकेचाळीस हजार, खर्चाचं बिल त्रेसष्ट. एका सकाळी तर ॲपच उघडेना. मला विकायचं होतं, आणि त्यांच्या फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. चाळीस मिनिटांनी आत शिरलो तेव्हा अकरा हजार गेले होते. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ब्रोकर निवडताना वीस की पंधरा हे बघूच नका. पडझडीच्या दिवशी ऑर्डर जाते का, फोन माणूस उचलतो का आणि कॉन्ट्रॅक्ट नोट तुम्हाला वाचता येते का, हे बघा. त्यासाठी पाच रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि ट्रेडच कमी केले तर हा प्रश्नच उरत नाही, पण तेविशीत हे कोण ऐकतं... मी चाळिशीत ऐकलं नव्हतं.

असो. भाच्याला हे गणित पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ओके मामा. पण कुठला ते सांगितलंच नाहीस." ताई, रविवारी जेवायला येतोय. त्याला घरीच थांबव. वही घेऊन येतो.