डुकरिणीच्या गोठ्यांतील यांत्रिक डोळा

वराहपालनाचा धंदा आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तरीही या अंकांत त्या धंद्यांतील एका नव्या साधनाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. जें यंत्र आज परदेशांत डुकरिणीच्या गोठ्यांत टांगलेलें आहे, तें उद्यां आमच्या गाईम्हशींच्या गोठ्यांतही येईल. आणि तें दारांत येण्यापूर्वींच त्याला कोणत्या अटींवर आंत घ्यावयाचें, हें शेतकऱ्यानें ठरवून ठेविलेलें बरें.

प्रथम दुखणें काय आहे तें पाहूं. डुकराचें नवजात पिलूं वजनानें साधारण सव्वा ते दीड किलो असतें. त्याची आई दोनशें किलोंहून अधिक भरते. पिलाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, म्हणून त्यास पहिल्या दिवशीं सुमारें ३४ अंशांची ऊब लागते. आईस मात्र वीस अंशांच्या आसपासची हवा मानवते. एकाच गोठ्यांत दोन हवामानें पाहिजेत, आणि तीं न मिळालीं म्हणजे पिलें उबेसाठीं आईच्या अंगास चिकटतात. गारठलेलें पिलूं नीट दूध ओढीत नाहीं. दूध नाहीं म्हणून अशक्त होतें. अशक्त झालें म्हणजे आई बसूं लागली असतां बाजूस सरत नाहीं आणि तिच्याखालीं चिरडून मरतें. अनेक देशांत जिवंत जन्मलेल्या शंभर पिलांपैकीं दहा ते वीस पिलें दूध तुटण्यापूर्वींच मरतात. त्यांतील बहुतेक पहिल्या तीन दिवसांत जातात, आणि आईखालीं चिरडणें हें त्याचें एक मुख्य कारण आहे.

या दुखण्यास माणसाच्या लोभानेंही हातभार लाविला आहे. डेन्मार्कसारख्या देशांत निवडक पैदाशीनें एका वेतांत सरासरी सतराहून अधिक जिवंत पिलें होऊं लागलीं आहेत. आईचे आंचळ मात्र चौदा-पंधराच्या घरांतच आहेत. पंगत वाढली, पण पानें तितकींच राहिलीं. मग दुबळ्यानें उपाशी राहावें हें ओघानेंच आलें.

यावर पाश्चात्त्य देशांनीं १९६० नंतरच्या काळांत लोखंडी पिंजऱ्याचा उपाय सरसकट अंगीकारिला. सुमारें दोन फूट रुंद व सात फूट लांब अशा चौकटींत डुकरीण विण्यापूर्वीं कोंडावयाची. तिला उठतां-बसतां येतें, पण वळतां येत नाहीं. पिलें कमी चिरडतात, हें खरें. परंतु विण्याच्या आदल्या दिवशीं गवतकाडी जमवून घरटें करण्याची जी तिची जन्मजात ओढ, ती लोखंडाशीं झगडून वायां जाते. म्हणूनच स्वीडननें १९८८ च्या कायद्यानें या पिंजऱ्यास बंदी केली. स्वित्झर्लंडमध्यें २००७ पासून तो बंद झाला. आणि जर्मनीनें २०२१ सालीं असा नियम केला कीं, डुकरिणीस विण्याच्या सुमारास फार तर पांच दिवस कोंडावें व तिला किमान साडेसहा चौरस मीटर जागा द्यावी. या बदलासाठीं तेथील शेतकऱ्यांस पंधरा वर्षांची मुदत दिली आहे.

आतां पेंच असा, कीं गज काढले तर पिलें अधिक मरण्याची भीति, आणि ठेविले तर मुक्या जिवाचा कोंडमारा. या पेंचांत यांत्रिक डोळा पुढें आला आहे.

त्याची रीत अवघड नाहीं. गोठ्याच्या आढ्याला एक कॅमेरा टांगतात व त्याचीं चित्रें संगणकाकडे जातात. डुकरीण उभी, बसलेली, पोटावर निजलेली, कुशीवर निजलेली अशीं हजारों चित्रें माणसांनीं खुणा करून त्या संगणकास आधीं दाखविलेलीं असतात. त्यावरून तो नव्या चित्रांतील स्थिति ओळखावयास शिकतो. २०१२ नंतर ही विद्या झपाट्यानें वाढली, आणि २०१६ च्या सुमारास एका दृष्टिक्षेपांत सारें चित्र वाचणाऱ्या पद्धति निघाल्यामुळें चालत्या चित्रावर तत्काळ निदान करणें साध्य झालें. कांहीं कॅमेरे अंतरही मोजतात. त्यामुळें अंधारांतही पाठीच्या उंचीवरून डुकरीण उभी कीं निजलेली तें कळतें. धोक्याच्या घटका मुख्यतः दोन : उभी असतां खालीं बसण्याची, आणि पोटावरून कुशीवर लोळण्याची. त्या वेळीं पिलें कोठें आहेत, हें यंत्र पाहतें व इशारा देतें. विण्यापूर्वींची तिची अस्वस्थता ओळखून तें आगाऊ सूचनाही देऊं शकतें. पिलें एकावर एक ढीग करून पडलीं तर त्यांस थंडी वाजते, दिव्यापासून दूर पळालीं तर उकडतें, आणि दिव्याखालीं शेजारीं शेजारीं पसरून निजलीं तर सुखांत आहेत, ही जुन्या गुराख्याची खूणही त्यास शिकवितां येते.

कानाचाही उपयोग होऊं लागला आहे. २०१८ सालीं चीनमधील अलिबाबा कंपनीनें सिचुआन प्रांतांतील टेकू समूहाबरोबर कॅमेरे व आवाज यांच्या साह्यानें डुकरांवर नजर ठेवण्याची योजना जाहीर केली. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांतील स्वाइनटेक या कंपनीनें पिलाची किंकाळी ओळखून आईच्या अंगावरील उपकरणास कंप देण्याची व तिला उठविण्याची युक्ति काढिली. त्याच वर्षीं ऑगस्टांत चीनमध्यें आफ्रिकन स्वाइन फीव्हरची सांथ शिरली, तेव्हां गोठ्यांत माणसांची ये-जा जितकी कमी तितकें बरें, या विचारासही बळ आलें.

आमचें मत या यंत्राच्या विरुद्ध नाहीं. डुकरीण पुष्कळदां रात्रीं विते, आणि दिवसभर राबलेल्या माणसाचा डोळा रात्रीं दोन वाजतां मिटतोच. न मिटणारा डोळा मिळत असेल तर तो घ्यावा. परंतु आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें आहे, आणि तेथें आम्ही एक गोष्ट पक्की शिकलों : नोंद म्हणजे शेत नव्हे. शेतांत पाऊल न टाकतां चावडींत बसून लिहिलेलीं पिकें आम्हीं पाहिलीं आहेत. कागदावर बाजरी डोलत होती आणि रानांत कुसळें उभीं होतीं. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी स्वतः शेताचें छायाचित्र घालूं लागला, ही चांगली सुधारणा होय. तथापि छायाचित्रानें पिकास पाणी मिळत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

गोठ्यांतही हाच न्याय लागू आहे. आईखालीं सांपडलेलें पिलूं थोड्याच मिनिटांत मरतें. घंटा वाजली, आणि हांकेच्या अंतरावर माणूस नसला, तर यंत्रानें केवळ मृत्यूची वेळ अचूक नोंदविली, इतकेंच म्हणावें लागेल. शिवाय यंत्राचेही दोष आहेत. उबेच्या दिव्याचा झगझगाट, भिंगावरची धूळ, माशांची घाण, कोळ्याचें जाळें, यांनीं तें आंधळें होतें. आईच्या अंगाआड गेलेलीं पिलें त्यास दिसत नाहींत. पांढऱ्या विलायती डुकरांवर शिकविलेलें यंत्र बंगालच्या काळ्या घुंगरू जातीपुढें अडखळण्याचा संभव आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें आपल्या देशांत सुमारें ९० लाख डुकरें असून त्यांत आसामचा क्रमांक पहिला आहे. आणि तीं मुख्यतः दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या गरिबांच्या दारीं आहेत. त्यांच्या जनावरांचीं चित्रें दाखवून यंत्र शिकविल्याखेरीज त्याची किंमत त्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

म्हणून आम्ही तीन अटी सुचवितों. पहिली, जेथें कॅमेरा तेथें माणूस. चाकर कमी करण्यासाठीं नव्हे, तर चाकराला वेळेवर उठविण्यासाठीं त्याचा उपयोग व्हावा. दुसरी, त्याच्या योगानें पिंजरा उघडला जावा. कॅमेरा आला म्हणून एका माणसाच्या हवालीं दुप्पट जनावरें कोंडलीं, तर आईचेंही सुख गेलें व पिलांचेंही. तिसरी अट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत धरावी : चित्रांची व नोंदींची मालकी शेतकऱ्याची असावी. अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं डुकरें कंपनीचीं, आणि गोठा व गोठ्याचें कर्ज शेतकऱ्याचें, अशा कराराचा धंदा चालतो. अशा गोठ्यांत टांगलेला डोळा पिलांवर लक्ष ठेवतां ठेवतां धन्यावरही ठेवूं लागेल, आणि हिशेबाच्या दिवशीं त्याची साक्ष कोणाच्या बाजूनें काढली जाईल, हें करारावर सही करण्यापूर्वींच वाचून घेतलें पाहिजे. आमच्याकडे दूध व कोंबड्या यांच्या धंद्यांतही हा प्रश्न येईल तेव्हां आपला उतारा आपल्या हातीं असावा.

शेवटीं, स्वस्त उपाय आधीं करावे. भिंतीपासून व जमिनीपासून सुमारें आठ इंचांवर एक आडवा दांडा बसविला तर आई भिंतीला टेकून बसली तरी पिलास निसटावयास जागा राहते. पिलांसाठीं उबेचा निराळा कोपरा, आईस घरट्यापुरतें गवत, आणि विण्याच्या रात्रीं जागणारें एक माणूस, एवढें झाल्यावर मग कॅमेरा खुशाल टांगावा. यांपैकीं कांहींच न करतां केवळ यंत्र विकत घेणारा धनी आपलीं पिलें मरतांना स्पष्ट पाहील, यापलीकडे त्याच्या पदरीं कांहीं पडावयाचें नाहीं.