पापड लाटून झाले, विकायचे कुठे?

मार्च लागला की आपल्या खान्देशात धाब्यांवर, गच्च्यांवर आणि खाटांवर जागा उरत नाही. ज्वारीचे बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, शेवया... जळगाव-धुळ्याचं ऊन म्हणजे आपल्या बायांचं फुकटचं भांडवलच! म्हणूनच की काय, एखादी संस्था गावात आली, बचत गट झाला, की पहिलं प्रशिक्षण ठरलेलं असतं : पापड नाहीतर लोणचं.

आता सांगा, खान्देशातल्या बाईला बिबडे शिकवायची गरज आहे का? साक्रीकडच्या एका गटातल्या आजीबाईंनी हे एका वाक्यात निकालात काढलं होतं, "पापड ते करी लेसूत वं ताई, पन इकाना कोठे?"

खरी अडचण इथंच आहे. गावात घरोघरी तोच माल, मग शेजारीण कशाला विकत घेईल? वर्षातून एकदा जिल्ह्याच्या गावी प्रदर्शन भरतं, तीन-चार दिवस विक्री चांगली होते, पेपरात फोटो येतो. उरलेले तीनशेसाठ दिवस काय?

दुसरा घोळ हिशेबाचा. समजा, किलोभर पापडाला सामान आणि पिशवी मिळून दीडशे रुपये लागले आणि माल दोनशेला गेला. बाई म्हणते, पन्नास सुटले. पण तिची अर्ध्या दिवसाची मजुरी? सरपण? बाजारापर्यंतचं एसटीचं भाडं? ते धरलं तर ती पदरचेच घालते! शेतात निंदणीला जाते तेव्हा हीच बाई मजुरीचा एक रुपया सोडत नाही. घरी केलेल्या कामाला मात्र मोल नाही, असं आपणच ठरवून टाकलंय.

बचत गटांनी काही केलंच नाही, असं मुळीच नाही हं. 'नाबार्ड'ने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. तारणाला काही नसलेल्या बाईला बँकेची पायरी चढता आली, ती त्यामुळेच. पुढे 'माविम'ची तेजस्विनी योजना २००७ पासून आणि 'उमेद' अभियान २०११ पासून आलं. सावकार थोडा तरी लांब गेला. पण गटाचं कर्ज बऱ्याचदा दवाखान्यात, मुलीच्या लग्नात, बी-बियाण्यात जातं. यात गैर काही नाही, गरज ती गरज. फक्त त्याला 'उद्योग उभा राहिला' म्हणू नये.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं म्हसवड बघा. चेतना सिन्हा यांनी तिथं १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण अर्जावर अंगठे होते. बाया सही करायला, वाचायला शिकल्या आणि पुन्हा दारात गेल्या. व्याजाचा हिशेब यंत्राशिवाय तोंडी करून दाखवतो, म्हणाल्या! पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. भाजीवाली दुकान मोडून बँकेत येऊ शकत नाही, म्हणून बँकेची माणसं तिच्यापाशी जाऊ लागली. मग बायांसाठी उद्योगाची शाळा निघाली, गावोगाव फिरणारी बससुद्धा. माल काय करायचा यापेक्षा भाव कसा लावायचा, उधारी कशी वसूल करायची, हे तिथं आधी येतं.

आपल्याकडे तर कच्च्या मालाची लयलूट आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२० च्या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत जळगावसाठी केळीच निवडली गेली. तरी रावेर-यावलमधल्या केळीच्या मजूर बाईच्या हाती वेफर्सचं पाकीट विकायला किती वेळा असतं? पाकिटाला अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक लागतो, तेल महाग, आणि शहरातला दुकानदार पैसे महिन्यानं देतो. हा महिना बाईनं कशावर काढायचा? संस्थांनी इथं हात द्यावा. कढई आणि शिलाई मशीन वाटणं सोपं असतं. त्यापेक्षा दुकानदाराकडून पैसे येईपर्यंत गटाला खेळतं भांडवल द्या, पाच गावांचा माल एका नावाखाली एकत्र करा, नाशिक-पुण्याच्या खान्देशी कुटुंबांपर्यंत पोचवा. तिथं बिबड्यांची वाट बघणाऱ्या लेकी-सुना काही कमी नाहीत!